टमरेल, टिश्यू आणि दोन खड्डे

प्रश्न इथवर कसा आला

वाशिमच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानदाराला 'पर्यावरणस्नेही टॉयलेट पेपर आहे का' असे विचारले, तर तो बहुधा पंगतीत लागणारे कागदी रुमाल पुढे करील. त्यात त्याची चूक नाही. संडासात कागद वापरायची रीतच इकडे नाही. रोल दिसला तर एखाद्या हॉटेलच्या खोलीत, नाहीतर परदेशातून सुट्टीला आलेल्या लेकीच्या सामानात. तरीही हा प्रश्न आता दाराशी आला आहे. गुडघे धरलेल्या आजी-आजोबांसाठी नव्या घरांत कमोड बसू लागले आहेत. बांबूच्या कागदाची जाहिरात खेड्यातल्या मोबाइलवरही झळकते. आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी घरात कुणीतरी म्हणतेच, 'कागद वापरला तर पाणी तरी वाचेल.'

युरोप-अमेरिकेत ही चर्चा 'कोणता कागद घ्यावा' अशी चालते. आपल्याकडे तीच चर्चा 'पाणी किती आणि खड्डा कसला' अशी आहे. दोन्हीकडचे लोक एकमेकांचे फारसे ऐकत नाहीत. या लेखात दोन्ही चर्चा शेजारी ठेवून झाडाचा, पाण्याचा आणि मातीचा असे तीन हिशेब क्रमाने पाहू.

गोदरीपासून घरातल्या संडासापर्यंत

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि त्यातले पाचांपैकी चार लोक खेड्यांत राहणारे. २०१८ साली देशातल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून जे जिल्हे गेले, त्यांत वाशिमही होता.

पहाटे टमरेल घेऊन गोदरीवर जाणे हा इथल्या गावांचा कालपरवापर्यंतचा शिरस्ता होता. पुरुषांना वेळेचे बंधन नव्हते. बायकांना मात्र अंधाराची वाट पाहावी लागे, आणि पावसाळ्यात पांदण चिखलाने भरली की त्याहून हाल. या प्रश्नावर बोलणारी माणसे मात्र याच वऱ्हाडाने दिली. गाडगेबाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. दिवसा हातात झाडू आणि रात्री कीर्तन अशी त्यांची शिकवण होती. त्यांच्याच नावाने २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावे एकमेकांशी चुरस करू लागली.

संडास कसा बांधावा, हा विचार त्याहून जुना आहे. गांधीजींच्या आश्रमांत संडाससफाई रोजच्या कामाचा भाग होती. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत होईल असा संडास घडवला. मैला वाहून नेण्याचे काम एका जातीच्या माथी मारलेले राहू नये, हा त्यामागचा हेतू. १९७० साली बिंदेश्वर पाठक यांनी सुलभ संस्था स्थापन केली आणि दोन खड्ड्यांचा, थोड्या पाण्यात चालणारा संडास देशभर नेला.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि घरटी १२,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले. पुढच्याच वर्षी वाशिम जिल्ह्यातल्या सायखेडा गावचे नाव राज्यभर पोचले. तिथल्या एका गृहिणीने मंगळसूत्र विकून घरी संडास बांधला होता. तेव्हाच्या ग्रामविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी तिचा सत्कार केला. २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे राज्य सरकारने जाहीर केले. त्या घोषणेनंतरही प्रत्येक संडास वापरात आहे का, यावर वाद राहिला. मात्र संडास घरात आला एवढे खरे. आता तो कसा वापरावा हा प्रश्न आहे, आणि कागदाची चर्चा त्यातच बसते.

झाडाचा हिशेब

शौचासाठी कागद वापरल्याच्या नोंदी चीनमध्ये सहाव्या शतकापासून सापडतात. कारखान्यात खास त्यासाठी केलेला कागद न्यूयॉर्कच्या जोसेफ गायेटी यांनी १८५७ साली विकायला आणला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला गुंडाळीचा रोल आला. घरोघरी नळ आणि फ्लश आले तसा तो युरोप-अमेरिकेत रुळला.

आज या कागदाचे ढोबळ चार प्रकार आहेत: नव्या लाकडाच्या लगद्याचा, रद्दीपासून केलेला, बांबूचा आणि शेतातल्या उरल्यासुरल्या मालाचा.

पहिल्या प्रकारावर सर्वांत जास्त टीका होते. अमेरिकेतल्या नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेने २०१९ साली बाजारातल्या कागदांना शाळेसारखे गुण दिले. कॅनडाच्या उत्तरेकडच्या जुन्या जंगलातला लगदा वापरणारे मोठे ब्रँड त्यात नापास झाले आणि रद्दीपासून केलेल्या कागदाला वरचे गुण मिळाले. कारखानदारांचेही उत्तर आहे. तोडलेल्या जागी आम्ही झाडे लावतो, आमच्या लगद्याला जंगल-प्रमाणपत्र आहे, सॉ-मिलमधला भुसा आणि ढलप्याही आम्ही वापरतो, असे ते सांगतात. जुन्या जंगलाची जागा नवी लागवड भरून काढते का, या मुद्द्यावर दोन्ही पक्ष अडून आहेत.

रद्दीचा कागद साधारणपणे कमी भाराचा मानला जातो, कारण त्यासाठी नवे झाड पडत नाही. त्यालाही शंका चिकटल्या आहेत. दुकानातल्या बिलाच्या गुळगुळीत कागदातली रसायने रद्दीत मिसळतात आणि त्यांचा अंश नव्या कागदात उतरतो. शाई काढताना गाळ निघतो, त्याची विल्हेवाट लावावी लागते. शिवाय कागदाचा धागा प्रत्येक फेरीत आखूड होत जातो, आणि संडासात गेलेला धागा परत येत नाही. पांढरेपणाचा मुद्दा वेगळाच. पूर्वी लगदा थेट क्लोरिनने पांढरा करत आणि त्यातून डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये नदीत जात. आता बहुतेक ठिकाणी ती पद्धत मागे पडली आहे. तरी विकत घेणाऱ्याने न उजळलेला तपकिरी कागद घेतला तर हा प्रश्नच उरत नाही.

बांबूच्या कागदाची जाहिरात सर्वांत गोड. बांबू भराभर वाढतो, तोडला तरी कंद जिवंत राहतो, पुन्हा लागवड करावी लागत नाही. हे खरेच आहे. पण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे दाखवले की चीनमध्ये केलेल्या बांबूच्या टिश्यूचा कार्बनभार लाकडाच्या टिश्यूहून जास्त भरू शकतो. तिथले कारखाने कोळशाच्या विजेवर चालतात, हे त्याचे मोठे कारण. म्हणजे बांबू चांगला की वाईट, हे बांबूइतकेच विजेवरही ठरते.

विदर्भाला बांबूच्या कागदाचा स्वतःचा अनुभव आहे. चंद्रपूर जिल्ह्यातली बल्लारपूरची गिरणी दशकानुदशके चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूवर चालली. गिरणीला स्वस्तात बांबू मिळतो आणि टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरडांना व जंगलातल्या गावांना मात्र मिनतवाऱ्या कराव्या लागतात, ही तक्रार तेवढीच जुनी. दुसऱ्या बाजूने गिरणीने हजारोंना काम दिले, हेही कुणी नाकारत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. २०११ साली तिथल्या ग्रामसभेला बांबू-वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा 'बांबू कुणाचा' या वादाला वेगळे वळण लागले. २०१७ साली जंगलाबाहेर वाढणाऱ्या बांबूला कायद्याने 'वृक्षा'तून वगळले. त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू शेतकऱ्याला तोडता-विकता येऊ लागला. 'पर्यावरणस्नेही' या शिक्क्यात यातले काहीच दिसत नाही.

चौथा प्रकार वाशिमला सर्वांत जवळचा वाटावा असा. इथे सोयाबीन, कापूस आणि तूर. म्हणजे कुटार, पऱ्हाटी आणि तुराटी. तामिळनाडूत उसाच्या चिपाडापासून कागद करणारा सरकारी कारखाना कित्येक वर्षे चालू आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र विकसित केले आहे. तेव्हा पऱ्हाटीचा लगदा ही हवेतली गोष्ट नाही. अडचण पोचवण्याची आहे. पऱ्हाटी हलकी, पसरट आणि शेताशेतांत विखुरलेली, त्यामुळे गोळा करून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्च मालाहून वर जातो. कुटार तर गुरांच्या गव्हाणीत आधीच खपते. पऱ्हाटीचे सरपण होते, आणि गुलाबी बोंडअळीच्या भीतीने तिचे ढीग शेतात साठवू नका असे कृषी खाते सांगते.

पाण्याचा हिशेब

'कागदाने पाणी वाचते' हे म्हणणे दोन प्रकारे तपासले जाते. पहिला प्रकार कारखान्यातल्या पाण्याचा. एका रोलमागे सुमारे १४० लिटर पाणी लागते, असा आकडा पाश्चात्त्य नियतकालिकांत वारंवार छापला जातो. लगदा कशाचा, गिरणी पाणी फिरवून वापरते का, यावर तो बराच खालीवर होतो, म्हणून त्याला प्रमाण मानू नये. पण कागदाचे पाणी वाशिमच्या नळातून जात नाही, दुसऱ्या कुठल्यातरी नदीतून जाते, एवढे त्यातून निश्चित कळते.

दुसरा प्रकार घरातल्या पाण्याचा, आणि तो आपला आपल्याला मांडता येतो. पाच माणसांचे घर धरू आणि प्रत्येकाची दिवसातून एक खेप. धुण्यासाठी माणशी एक लिटर पाणी धरले तर दिवसाला ५ लिटर, वर्षाला १,८२५ लिटर. आता ओतायचे पाणी पाहा. जुन्या पद्धतीची टाकी एका दाबाला दहा लिटर सोडते. म्हणजे दिवसाला ५० आणि वर्षाला १८,२५० लिटर. उलट सुलभच्या तीव्र उताराच्या भांड्याला दीड ते दोन लिटर पुरतात. दोन धरले तरी वर्षाला ३,६५० लिटर. या दोहोंतला फरक १४,६०० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. धुण्याचे सगळे पाणी वाचवले तरी अर्धा टँकरही भरत नाही.

जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाण्याचा निकष ठेवला आहे. पाच जणांचे २७५ लिटर. दहा लिटरची टाकी त्यातले ५० लिटर, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, एकट्या याच कामात संपवते. वाशिम शहर एकबुर्जी धरणाच्या पाण्यावर आहे. ते धरण भरले नाही तर काय होते, हे शहरातल्या गृहिणींना सांगावे लागत नाही.

कागदाचा पक्ष यावर एक रास्त मुद्दा मांडतो. अंथरुणाला खिळलेला रुग्ण, प्रवास, ऐन टंचाईतला उन्हाळा अशा प्रसंगी कागद खरेच सोयीचा. पण कागद भांड्यात टाकला की तो खाली ढकलायला जास्त पाणी लागते. कमी पाण्याच्या भांड्याचे तोंड अरुंद असल्याने ते तुंबतेही. वाचवलेले पाणी असे परत खर्ची पडते.

जेट स्प्रे मध्यम मार्ग म्हणून पुढे आला आहे. जपानमध्ये १९८० साली पाण्याची फवारणी करणारी आसने बाजारात आली आणि घरोघर पोचली. अमेरिकेतल्या मराठी घरांत संडासातल्या आसनाशेजारी प्लास्टिकचा मग असतोच. २०२० साली करोनाच्या पहिल्या लाटेत तिथल्या दुकानांतले कागदाचे रोल संपले, तेव्हा धुण्याची जोडणी विकत घेणाऱ्यांची झुंबड उडाली. ज्यांच्या घरी मग होता, त्यांचे काही अडले नाही.

मातीचा हिशेब

संडासातून खाली जाते ते पुढे कुठे जाते? जाहिरात याबद्दल बोलत नाही आणि बांधकामाच्या वेळीही सर्वांत कमी चर्चा याचीच होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत खड्डा किती वेगाने भरतो याचे ढोबळ आकडे आहेत. पाण्याखाली राहणाऱ्या खड्ड्यात, कुजणारी वस्तू किंवा पाणी वापरले तर माणशी वर्षाला ४० लिटर गाळ धरावा. न कुजणाऱ्या वस्तू पडल्या तर ६०. कोरड्या खड्ड्यात हेच आकडे ६० आणि ९० होतात. साधा टिश्यू कुजतो, तेव्हा त्याने खड्ड्याचे आयुष्य फार बिघडत नाही. बिघडते ते ओल्या पुसण्यांनी आणि सॅनिटरी पॅडने. त्यांत प्लास्टिकचे धागे असतात. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात गटारात चरबी आणि पुसण्यांचा १३० टनांचा गोळा सापडला होता. वाशिममध्ये तेवढे मोठे गटारच नाही, म्हणून तो गोळा घराच्या खड्ड्यातच बनतो.

दोन खड्ड्यांचा संडास दिसायला अगदी साधा. भांड्यातून नळी निघते ती एका छोट्या चौकोनी चेंबरमध्ये. तिथे इंग्रजी वायसारख्या दोन वाटा फुटतात आणि दोन खड्ड्यांकडे जातात. एका वाटेच्या तोंडाशी वीट बसवून मातीने लिंपलेली असते. खड्डे सुमारे मीटरभर रुंद, आतून जाळीदार विटकामाचे, तळ मातीचा. पाणी जमिनीत मुरते आणि मैला मागे राहतो. काही वर्षांनी पहिला खड्डा भरला की झाकण उघडून वीट दुसऱ्या तोंडाशी बसवायची. बंद पडलेला खड्डा दीड-दोन वर्षे तसाच ठेवला की आतल्या मालाला वास राहत नाही, तो भुसभुशीत होतो. यालाच आपल्याकडे सोनखत म्हणत आले. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्रीय स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातल्या गंगादेविपल्लीत स्वतः खड्ड्यात उतरून हे खत हाताने काढून दाखवले, ते लोकांच्या मनातली किळस जावी म्हणूनच.

किळस तरीही जात नाही, असे अनेक अभ्यासक सांगतात. डायान कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात उत्तर भारतातल्या पाहण्यांवरून मांडले की खड्डा उपसणे हे 'खालच्या' जातीचे काम या समजुतीमुळे लोकांना खूप मोठा, कधीच न भरणारा खड्डा हवा असतो. ती पाहणी वाशिमची नव्हती. पण 'एकच काढा, खोल काढा' हे वाक्य गवंड्याला इकडेही ऐकावे लागते. एकच खोल टाके भरले की ते ओले असतानाच उपसावे लागते, आणि तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न येतो. साधनांशिवाय टाक्यात माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे.

वाशिमच्या जमिनीचीही एक अडचण आहे. काळी कापसाची जमीन पाणी लवकर मुरू देत नाही, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. अशा ठिकाणी खड्ड्याच्या विटकामाबाहेर वितभराहून थोडा जास्त, सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा वाळू-खडीचा वेढा द्यावा, असे अभियांत्रिकी मार्गदर्शिका सांगतात. हा वेढा पडतो की नाही, हे काम चालू असतानाच पाहावे लागते. नंतर ते दिसत नाही.

आरोग्य आणि सवय

धुणे की पुसणे, यात आरोग्याला काय चांगले? धुतल्याने घाण निघते आणि कातडीचे घर्षण टळते, हे धुण्याच्या बाजूचे म्हणणे. मूळव्याध किंवा भगेंद्राच्या रुग्णांना डॉक्टर बहुतेक वेळा धुण्याचाच सल्ला देतात. उलट बाजूने म्हणतात की हाताचा संबंध येतो, ओलावा राहतो, आणि स्वच्छ न ठेवलेल्या नळीच्या तोंडातून जंतू पसरू शकतात. दोन्हीकडे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: नंतर हात साबणाने धुतले पाहिजेत. कागदालाही निर्धोक म्हणवत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली जगाच्या वेगवेगळ्या भागांतले कागद तपासले आणि त्यांत सहजी न विघटणारी 'पीफास' गटातली रसायने थोड्या प्रमाणात सापडली.

काय अजून ठरलेले नाही

पहिली गोष्ट भूजलाची. वाशिमच्या काळ्या मातीखाली बसाल्ट आहे. मातीतून झिरपणारे पाणी गाळून जाते, पण खडकाच्या भेगेतून ते लांबवर तसेच पोचू शकते. खड्डा आणि विहीर यांच्यात दहा-पंधरा मीटर अंतर ठेवा हा नियम मातीसाठी केलेला आहे. भेगाळ खडकात तो पुरतो का, यावर तज्ज्ञांचे मत एक नाही.

दुसरी गोष्ट शहरांची. साताऱ्याच्या वाई आणि नाशिकच्या सिन्नर या नगरपालिकांनी दर तीन वर्षांनी प्रत्येक घराचे टाके ठरवून उपसण्याची आणि मैल्यावर प्रक्रिया करण्याची पद्धत सुरू केली. लहान शहरांना ती परवडते, असे तिचे समर्थक म्हणतात. टाक्यापर्यंत गाडी पोचेल अशी गल्ली आणि दरवर्षी कर भरणारे घर दोन्ही हवे, असे शंका घेणारे म्हणतात. विदर्भातल्या छोट्या शहरांत टाक्याचे पाणी अजूनही बऱ्याच ठिकाणी सरळ नालीत सोडले जाते.

तिसरी गोष्ट वयाची. म्हातारपणी उकिडवे बसवत नाही, कमोड लागतोच, आणि कमोड पाणी जास्त पितो. कमी पाण्याचा, वृद्धांना बसता येईल असा आणि खेड्यात परवडेल असा संडास ही मागणी खरी आहे. दुहेरी बटणाच्या टाक्या तीन आणि सहा लिटरवर आल्या आहेत, तरी दोन लिटरच्या भांड्याची बरोबरी त्यांनी केलेली नाही.

घरापुरता ताळा

तिन्ही हिशेब एकत्र मांडले तर वजनाचा क्रम बराचसा स्पष्ट दिसतो. सर्वांत जड खड्डा, मग ओतायचे पाणी, मग धुण्याचे पाणी, आणि शेवटी कागदाचा प्रकार. जिथे गटारे आणि शुद्धीकरण केंद्रे आहेत, तिथे हा क्रम उलटतो आणि कागदाला महत्त्व येते. म्हणून बोस्टनच्या लेकीला आणि मालेगावच्या आईला एकच सल्ला लागू पडत नाही. घरात रुग्णासाठी किंवा पाहुण्यासाठी कागद लागलाच, तर रद्दीपासून केलेला, न उजळलेला आणि बिनवासाचा घ्यावा. तो भांड्यात न टाकता डब्यात टाकावा. ओल्या पुसण्या आणि पॅड तर खड्ड्यात कधीच नकोत.

बाकीचे निर्णय दुकानात होत नाहीत. ते जागेवर, फावडे-घमेले पडलेले असताना होतात. त्या दिवशी गवंडी चुन्याची फक्की टाकून एकच गोल आखेल. तेव्हा त्याला विचारायचे, 'दुसरा कुठे घेता?'